दिव्याचं काहीतरी करा

स्वप्नाली मगदूमला सहसा राग येत नसे. सातारा तालुक्यात गुरांची डॉक्टर म्हणून फिरायचं तर रागावून चालतही नाही. म्हशीनं लाथ घातली, मालकानं सगळे घरगुती उपाय करून झाल्यावर शेवटी बोलावलं, वर ‘बाई डॉक्टर आल्यात व्हय’ म्हणून तोंड वाकडं केलं, तरी ती बाह्या सारून कामाला लागायची. पण गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिला जो राग आला, तो अजून पुरता उतरलेला नाही. आणि उतरावा असं तिला वाटतही नाही.

गाडी तिच्या वडिलांची. भूपालआण्णा सांगलीत हळदीचे अडते होते. आयुष्यभर पांढरं धोतर नेसलेला, मोजून बोलणारा माणूस, पण गाडीत बसला की वेगळाच व्हायचा. कऱ्हाडच्या पुढं मोकळा रस्ता लागला की म्हणायचे, “बाळ, दाब की जरा.” ते गेले आणि त्यांची पेट्रोल सेडान स्वप्नालीकडे साताऱ्याला आली. गाडी जुनी झाली होती, इंजिन धूर टाकत होतं. नुसती दुरुस्ती करण्याऐवजी तिनं ठरवलं, की आण्णांना आवडली असती तशी ही गाडी पळती करायची. रोज वापरता यावी, पण घाटात पाय दाबला की हसू यावं, अशी.

साताऱ्यात या कामाला एकच नाव सगळे घ्यायचे. धैर्यशील. हायवेच्या सेवा रस्त्यावर त्याचं मोठं गॅरेज. बोलायला गोड, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहणारी पोरं पुण्याहूनसुद्धा गाड्या घेऊन यायची. त्यानं इंजिन पूर्ण उतरवलं, नवे पिस्टन घातले, हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, काम केलं, आणि आधीच्यापेक्षा मोठा ऑइल पंप बसवला.

“मॅडम, इंजिनाला ऑइल जेवढं जास्त, तेवढं आयुष्य जास्त,” तो अभिमानानं म्हणाला. “आता ह्याला काय बी हुत न्हाई.”

गाडी खरोखरच सुरेख पळू लागली. फक्त एक गोष्ट खटकायची. यवतेश्वरच्या घाटात लांब वळण आलं आणि ती जोरात असली, की समोरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. वळण संपलं की गप्प. तिनं धैर्यशीलला सांगितलं. तो म्हणाला, सेन्सर असतो नाजूक, लक्ष देऊ नका. तिनं लक्ष द्यायचं नाही म्हटलं, पण लाल दिवा डोळ्यांसमोर पेटल्यावर माणूस लक्ष कसं देणार नाही? पुन्हा गेली आणि म्हणाली, “त्या दिव्याचं काहीतरी करा. मला भीती वाटते.”

“आज ठेवून जावा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी परत मिळाली आणि दिवा लुकलुकायचा थांबला. स्वप्नालीनं त्याचे मनापासून आभार मानले. दवाखान्यातल्या सहकाऱ्यांना त्याचं नाव सुचवलं. पुढं खरं कळल्यावर कित्येक दिवस ही गोष्ट आठवली की तिचे कान गरम व्हायचे.

दसऱ्याला आई सांगलीहून आली. त्रिशलाबाईंना कासचं तळं पाहायचं होतं. सकाळचं ऊन कोवळं होतं, घाटात गर्दी नव्हती. आई डाव्या बाजूच्या सीटवर, मांडीवर खाकऱ्याचा डबा. स्वप्नालीनं गाडी जरा मोकळी सोडली. आण्णांची आठवण दोघींनाही आली असावी, कारण आई वेग पाहूनही काही बोलली नाही.

उजवीकडे वळणाऱ्या एका लांब वळणावर इंजिनातून आधी टकटक आली. जड हातोडीनं कुणी आतून ठोकावं तशी. स्वप्नालीचे डोळे आपोआप समोर गेले. तिथं एकही दिवा पेटलेला नव्हता. तिनं पाय उचलायच्या आत इंजिनानं एक कर्कश आवाज काढला आणि ते जागच्या जागी आवळलं. पुढची चाकं अडकली. स्टिअरिंग दगडासारखं झालं. गाडी वळायचं सोडून सरळ दरीच्या बाजूला घसरत निघाली.

क्लच दाबायचं तिला कसं सुचलं, हे तिला आजही सांगता येत नाही. चाकं सुटली. ब्रेकवर ती जवळजवळ उभी राहिली, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी कठड्याला घासत गेली. डावा आरसा तुटून खाली गेला, आणि मग सगळं थांबलं.

आईच्या काचेला कठड्याचा दगड टेकला होता. त्याच्या वरून खाली दरी दिसत होती. खाकऱ्यांचा चुरा सगळ्या साडीवर पडला होता.

“आई, लागलं का?”

त्रिशलाबाईंनी मान हलवली. नाही म्हणून. मागून आलेल्या एका पिकअपवाल्यानं त्यांना उजव्या दारातून बाहेर काढलं, पाणी दिलं, आणि त्यांचा हात धरून रस्त्याच्या आतल्या बाजूला डोंगराच्या सावलीत बसवलं.

गाडी क्रेननं धैर्यशीलच्या गॅरेजात गेली. स्वप्नाली आईला घरी सोडून मागोमाग रिक्षानं पोचली. गॅरेजात सात-आठ माणसं होती. धैर्यशीलनं बॉनेट उघडलं, पाना लावून इंजिन फिरवून पाहिलं, ते हलेना, तसा कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ताणली न्हवं मॅडम तुमी? घाटात कुणाबरोबर रेस लावली व्हती?”

“आई होती बरोबर माझ्या,” ती म्हणाली. “रेस कसली?”

“मग ऑइल बघितलं नसंल. बायकांच्या गाड्यांचं हे ठरल्यालं असतंय. पेट्रोल भरायचं, बाकी काय बघायचं न्हाई.”

स्वप्नालीनं ऑइलची पट्टी ओढली, रुमालानं पुसली, परत घातली, काढली आणि त्याच्यापुढं धरली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. धैर्यशीलनं पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, ऑइलची जात हलकी असेल. मग म्हणाला, गाडी इथंच सोडा, बघू काय करायचं ते. त्या ‘बघू’नं तिच्या मनात पहिल्यांदा शंका आली. उघडल्यावर काय दिसेल, हे या माणसाला आधीच ठाऊक आहे असं तिला वाटलं.

“मी गाडी सांगलीला नेतेय,” ती म्हणाली.

“दुसऱ्यानं इंजिन उघडलं की माझी जबाबदारी संपली.”

“तुमची जबाबदारी घाटातच संपली,” ती म्हणाली, आणि क्रेनवाल्याला परत बोलावलं.

कुपवाडला तिच्या मामेभावाचा, गोमटेशचा कारखाना होता. सिंचनाच्या पंपांचे भाग तो बनवायचा. द्रव पदार्थ नळीतून कसा जातो, कुठं अडतो, कुठं हवा धरतो, हा त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा विषय. तरी त्यानं आधीच सांगितलं, “इंजिन माझं काम न्हवं, ताई. पण ऑइलचा प्रश्न आसंल तर बघू.”

दोघांनी मिळून इंजिन उघडलं. स्वप्नालीला जनावराचं पोट उघडायची सवय होती. हातमोजे चढवून ती कोपरापर्यंत काळी झाली. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, बेरिंगं खरवडून निघाली होती, एक तर वितळून चिकटलं होतं. आणि इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये, जिथं ऑइल हेलकावू नये म्हणून कंपनीनं आडवे पत्रे बसवलेले असतात, तिथं नुसत्या कापल्याच्या खुणा होत्या.

“पत्रं कापल्यात,” गोमटेश म्हणाला. “मोठा पंप बसंना म्हणून कापलं आसतील. आता बघ. पंप मोठा. त्यो खालचं ऑइल भराभर वर हेडमधी फेकतोय. पण वरनं खाली यायची भोकं तेवढीच हायत, जुन्या मापाची. मग गाडी जोरात आसली की समदं ऑइल वरच अडकतंय. खाली उरतंय थोडं. त्यात वळण आलं की ते थोडंबी एका अंगाला पळतंय, कारण अडवायला पत्रा न्हाई. आन पंप काय वडतोय? नुसती हवा.”

स्वप्नाली बेरिंग हातात घेऊन बसली होती. “म्हणजे हृदय मोठं बसवलं,” ती म्हणाली, “पण शिरांतून रक्त परत यायची वाटच नाही.”

“तसंच समज.”

“आणि ते पट्टीवर वरपर्यंत दिसणारं ऑइल...”

“गाडी बंद आसताना समदं खाली येतंयच की. तवा पट्टी पूर्णच दाखवणार.”

इथवर तिला वाईट वाटत होतं. आण्णांच्या गाडीचं वाईट, पैशाचं वाईट. माणूस चुकला, जास्त शहाणपणा केला, असं तिनं मनाशी म्हटलंही. पण मग ती म्हणाली, “दिवा का लागला नाही रे? आधी तर लुकलुकायचा.”

ऑइलचा दाब कमी झाला की दिवा पेटवणाऱ्या ऑइल स्विचची वायर गोमटेशनं धरली आणि तिच्या मागं मागं बोट नेत गेला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरजवळ काळ्या टेपची नवी गुंडाळी होती. त्यानं टेप सोडवली आणि थांबला. मग बाजूला सरकून तिला बघू दिलं.

स्विचवर नुसता दाखवायला तुकडा ठेवून ऑइलच्या दिव्याची वायर मध्येच तोडली होती. ती नुसती सोडून दिली असती तर चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नसता आणि कुणालाही संशय आला असता. म्हणून ती बॅटरीच्या दिव्याच्या वायरला जोडली होती. चावी फिरवली की दोन्ही दिवे लागणार, इंजिन चालू झालं की दोन्ही विझणार. रोज सकाळी ऑइलचा दिवा तिला ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सांगत होता, आणि त्याचा ऑइलशी काही संबंधच उरला नव्हता.

स्वप्नालीच्या डोळ्यांपुढं कठड्याचा तो दगड आला. आणि मग राग आला. तो डोक्यात नाही आला, पोटातून आला, थंडगार. हे चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी शांतपणे बसून विचार केला होता, की हिला फसवायचं तर पुरतं कसं फसवावं.

रविवारी सकाळी ती साताऱ्याला गेली. रविवारी धैर्यशीलकडे गर्दी असते, हे तिला माहीत होतं. गाड्या लावलेल्या, पोरं चहा पीत उभी, एका खुर्चीवर पांढऱ्या मिशांचा एक मनुष्य पाय ताठ ठेवून बसलेला. तिनं जोडलेल्या वायरीचा कापून आणलेला तुकडा धैर्यशीलच्या टेबलावर ठेवला.

“हे काय आहे?”

त्यानं तुकडा पाहिला, आणि क्षणभरच त्याचे हात थांबले. मग तो हसला. “वायर हाय, मॅडम.”

“ऑइलच्या दिव्याची वायर बॅटरीच्या दिव्याला का जोडली?”

“तुमीच सांगितलं व्हतं की. ‘दिव्याचं काहीतरी करा.’ केलं. मग कवा लागला का दिवा?”

चहा पिणाऱ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानं स्वप्नालीचं उरलंसुरलं भान गेलं, आणि एकदा गेल्यावर तिचा आवाज उलट खाली आला.

“मी जनावरांची डॉक्टर आहे,” ती म्हणाली. “शेतकरी मला म्हणतो, म्हशीच्या तापाचं काहीतरी करा. मी थर्मामीटरचा पारा काढून टाकला आणि काचेवर पेनानं नॉर्मल लिहून दिलं, तर तुम्ही मला डॉक्टर म्हणाल का? माझी आई त्या गाडीत होती. तिच्या खिडकीखाली दरी होती. ऑइल तुम्ही वर फेकलंत, खालचे पत्रे तुम्ही कापलेत, इथवर मी चूक म्हणून सोडलं असतं. पण दिवा मला ओरडून सांगत होता, आणि मी ते तुमच्याकडे घेऊन आले होते. तुम्ही त्याचा आवाज काढून घेतलात. आणि वर भर गॅरेजात मला विचारलंत, रेस लावली होती का म्हणून.”

आता कुणी हसलं नाही. खुर्चीवरचा मिशांचा माणूस उठला. मानसिंग त्याचं नाव. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. मुलाची गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आला होता.

“ताई,” तो म्हणाला, “आमच्या शंभूराजच्या गाडीचा पन दिवा लुकलुकायचा. हितं दाखवल्यापासनं लागत न्हाई. कसं बघायचं ते सांगा.”

“काका, गाडी गरम हाय, नंतर...” धैर्यशील मध्ये पडला.

“तू थांब रं.”

गोमटेशनं शिकवलं होतं तसं स्वप्नालीनं सांगितलं. इंजिन बंद ठेवून चावी फिरवायची, लाल दिवा लागतो. मग ऑइल स्विचची वायर काढायची. दिवा खरा असेल तर विझणार. मानसिंगनं चावी फिरवली, दिवा लागला. मग त्यानं स्वतः बॉनेटखाली हात घातला, वायर उपटली आणि आत वाकून पाहिलं. दिवा पेटलेलाच होता. वायर त्याच्या हातात लोंबत होती, आणि दिवा पेटलेलाच होता.

मानसिंग सावकाश धैर्यशीलसमोर येऊन उभा राहिला.

“बर्फात पहाऱ्याला उभं ऱ्हायलोय मी,” तो म्हणाला. “मागं समदी झोपल्याली असत्यात, ती आपल्या भरवशावर. तू पहाऱ्यावरचा गडी मारलास, आन त्याच्या जागी बुजगावणं हुभं केलंस. माझं पोरगं ह्या गाडीतनं नातवाला शाळंत सोडतंय.”

“काका, समद्या गॅरेजात चालतंय हे,” धैर्यशील पुटपुटला. “गिऱ्हाइकाला दिवा दिसला की किरकिर करतंय...”

ते बोलून तो स्वतःच चपापला. चहाचे पेले तसेच ठेवून पोरं आपापल्या गाड्यांची बॉनेटं उघडायला लागली होती.

धैर्यशीलनं तिला आत केबिनमध्ये बोलावलं. इंजिन फुकट करून देतो म्हणाला, फक्त हे बाहेर नको. ती दारातच उभी राहिली आणि नको म्हणून परत फिरली. पुढच्या आठवड्यात तिनं ग्राहक आयोगात तक्रार घातली. मानसिंग साक्षीला तयार झाला. धैर्यशीलच्या वकिलानं उत्तरात लिहिलं, की तक्रारदार महिला बेदरकारपणे गाडी चालवते. ते वाचून तिनं जेवण सोडून दिलं आणि अंगणात नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

इंजिन मात्र कुपवाडला उभं राहत होतं. गोमटेशनं कंपनीच्या मापाचा पंप परत बसवला. हेडकडे जाणाऱ्या वाटेत बारीक भोकाची बुची घातली, म्हणजे वर लागेल तेवढंच ऑइल जाईल आणि बेरिंगांचा वाटा बेरिंगांना मिळेल. वरून खाली येणारी भोकं मोठी केली, कडा घासून गुळगुळीत केल्या. चेंबरमध्ये पत्र्यांचे कप्पे वेल्डिंग केले, त्यांना आतल्या बाजूलाच उघडणारी छोटी दारं. वळणावर ऑइल, पंप जिथून ते ओढतो त्या जाळीकडे येऊ शकेल, पण तिथून पळू शकणार नाही. आणि दिव्याशिवाय ऑइलचा दाब दाखवणारा काट्याचा एक मीटरही बसवला. दोघांनी गाडी सागरेश्वरच्या वळणांवर पुन्हा पुन्हा फिरवली. गोमटेशचे डोळे काट्यावरून हलले नाहीत आणि काटाही जागचा हलला नाही. तो खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला, “आता ताण कितीबी.” स्वप्नालीलाही बरं वाटलं. पण राग होता तिथंच होता.

दिवाळीनंतर पलूसहून नाथाजी आले. आण्णांचे जुने मित्र, आणि धैर्यशीलचे चुलते. सांगलीच्या घरी सोप्यावर बसले, पाणी प्यायले, हळदीच्या भावाचं बोलले. मग मूळ गोष्टीवर आले.

“त्रिशलावहिनी, पोराचं नाव लय खराब झालंय. गिऱ्हाइकं तुटली. चुकलं त्याचं, मी न्हाई म्हणत न्हाई. पन तुमा जैनांच्या घरात क्षमेला मोठं मानत्यात. पोरीला सांगा, तक्रार मागं घ्यायला. आवं, कुनाला लागलं न्हाई, काय झालं न्हाई.”

स्वप्नालीनं मान खाली घातली. आई आता काय म्हणणार, ते तिला माहीत होतं. जन्मभर आईनं ‘जाऊ दे’च म्हटलं होतं. भावकीत, बाजारात, सगळीकडे.

त्रिशलाबाईंनी पदर सारखा केला.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “काय झालं न्हाई म्हणता. त्या दिसापासनं मी डोळं मिटलं की खाली दरी दिसतीया. देवळात ध्यानाला बसते, तरी दिसतीया. क्षमा आमी मागतो बी आन करतो बी. पन ज्यानं केलं त्यो आला का मागायला? त्यानं तुमाला धाडलं. तुमचं वय बघून.”

नाथाजींनी रिकामा पेला खाली ठेवला.

“त्याला सांगा,” त्रिशलाबाई थांबल्या नाहीत. “अशा जोडल्याल्या वायरीच्या गाड्या अजून कुठं कुठं फिरत्यात, त्या त्याला ठावं हायत. त्या समद्या बोलवायच्या. ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगायचं, मी हे केलं व्हतं म्हणून, आन सरळ करून द्यायचं. त्यात कुनाची लेकरं बसत आसतील. मग माझ्याकडं यावं. तक्रारीचं काय करायचं ते माझी पोर ठरवंल. तिला मी काय बी सांगणार न्हाई.”

नाथाजी उठले. चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, “सांगतो.”

त्यांनी खरंच सांगितलं असावं. धैर्यशीलनं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. सुरुवातीला चार गाड्या आल्या आणि तो थांबला. मग मानसिंग रविवारी सकाळी गॅरेजात जाऊन खुर्ची टाकून बसू लागला. कुणाशी बोलायचा नाही, नुसता बसायचा. गाड्या पुन्हा यायला लागल्या. सगळ्या आल्या का, ते कुणालाच सांगता येत नाही. आयोगात सुनावणीला तारखा पडतात. स्वप्नाली प्रत्येक तारखेला जाते, आणि दुसऱ्या बाजूचा वकील आला नाही की सही करून परत दवाखान्यात येते. धैर्यशील स्वतः अजून आईकडे आलेला नाही.

संक्रांतीला त्रिशलाबाई पुन्हा साताऱ्याला आल्या. कासचं तळं पाहायचं राहिलंय, असं त्या स्वतःच म्हणाल्या. स्वप्नालीनं गाडी दारात आणली, डावं दार उघडून धरलं. आई दारापाशी आली, आतल्या सीटकडे तिनं पाहिलं आणि गाडीला वळसा घालून मागच्या दारानं आत शिरली, उजव्या बाजूला, लेकीच्या बरोबर मागं.

“हितं बरं वाटतं,” ती म्हणाली. “चल.”

स्वप्नालीनं रिकाम्या सीटचं दार लावलं. बसल्यावर तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग तिनं गाडी चालू केली, लाल दिवा विझताना आणि काटा वर चढताना पाहिला, आणि गाडी घाटाकडे काढली.